माशी

कुर्ल्याच्या गाळ्यात लेथ बंद करून हात पुसत होतो,
तेव्हा द्वारकाबाई आली, जुहूची फुगेवाली.
सतरंजीत गुंडाळलेली, सुतळीनं तीनदा बांधलेली बंदूक
बाकावर ठेवून म्हणाली,
"छर्रा निघतो, पण अर्ध्यात जाऊन विचार करतो."

मागची पिन काढायची म्हणजे जपूनच.
पोपटशेठच्या गॅरेजात अशीच एक सुटली होती,
छताच्या पत्र्याला भोक अजून आहे.
क्लॅम्प लावला, तोंड बाजूला केलं,
आटा आटा सैल करत गेलो.
उसळेल म्हणून दबकून बसलो होतो मी,
ती घरंगळली दोन तुकड्यांत.

पिस्टनवरचं चामडं पापडासारखं मोडलं.
नळकांड्यात जुहूची वाळू
आणि बडीशेपेचा एक दाणा.
तो तिथे कसा गेला, कोण सांगणार.

नागदेवीला ताहेरअलीच्या काउंटरवर तुकडे ठेवले.
व्हर्नियर न घेता त्यानं नखानं तार जोखली.
"तीनला थोडी जास्त. कंपनी गेली, एजंट गेला,
माल ठेवणारा माझा बापही गेला.
रिक्षाच्या क्लचची बघ."
रिक्षाची जाड निघाली.
मोपेडची सैल.
चोर बाजारात एकानं अख्खी बंदूक काढली,
हुबेहूब हीच, आत स्प्रिंग नाही.
"वो तो आपके जैसा कोई ले गया."

मग पियानो वायर आणली, किलोवर.
लेथ मुंगीच्या पावलानं फिरवत एकतीस आटे घातले,
टोकं तापवून चपटी केली,
आणि शफीच्या बेकरीत
ब्रूनपावांच्या ट्रेखाली अर्धा तास भाजून घेतली.
शफी म्हणाला, "चहासोबत खाणार?"
रात्रभर दाबून ठेवली. सकाळी बोटभर आखूड.
एवढं तर सगळ्यांचंच होतं.

वॉशर यल्लप्पानं कापला, पुलाखालच्या मोच्यानं.
म्हशीचं चामडं, एरंडेलात मुरवून
वाटीसारखं दाबलेलं.
"एवढुशी चप्पल कुणाची?" म्हणाला.

जुळवली. घोडा चढला, कट्ट आवाज झाला.
पहिल्या छर्ऱ्याला तेलाचा धूर, दहाव्याला नाही.
पुठ्ठ्यातून आरपार.
तेवढ्यात दिसलं, पुढची माशी
डावीकडे कललेली.
हातोडीचा एक हलका टोला. सरळ.
न विचारता, न पैसे लावता.
चाळीस वर्षं वाकडं दिसलं की हात जातोच.

चौथ्या दिवशी ती परत.
"बंदूक बिघडवली तुम्ही."

रोज दिवा लावला की पहिला छर्रा तिचा.
बोहनीचा.
माशी नवऱ्यानं वाकवलेली,
गिऱ्हाइकाकडून फुगे वाचावेत म्हणून.
तो गेला, वाकडेपणा राहिला, आणि तिच्या डोळ्याला
तो सवयीचा झाला.
वीस वर्षं लाल नेमायची,
शेजारचा हिरवा फुटायचा.
"आता लाल नेमते, तर लालच फुटतो."
"मग बरंच की," मी म्हणालो.
"हिरवा फुटायला पाहिजे."

सुताचाही हिशेब वहीत लिहिणारा मी,
आणि तो कल मोजून ठेवला नव्हता.

संध्याकाळी छोटी हातोडी, पक्कड घेऊन
वाळूत तिच्या बाकड्याशी बसलो.
ती नेमायची, मी टोला द्यायचा.
लाल.
परत लाल.
मधल्या फटीतून फळीला.
"अजून केसभर," ती म्हणायची,
डोळा न काढता.
पिवळा फुटला, तो तर वरच्या ओळीतला.
"एवढं नाही हो."
कॉलेजची पोरं पैसे काढून उभी,
त्यांना तिनं थांबवलं.

सतरावा हिरवा फुटला.
तिनं पुन्हा भरली, पुन्हा लाल नेमला.
हिरवा.
काही बोलली नाही.
डब्यातून माझी मजुरी मोजली
आणि फुटलेल्या फुग्यांचे पैसे
त्यातून कापून घेतले.